मागायचं राहून गेलं

वेग्ली, नुमेदाल
२ सप्टेंबर १९७४

प्रिय स्वेरे,

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून नाताळचं कार्ड सोडून आपण एकमेकांना काही पाठवलेलं नाही. द्रामेनहून इथे यायला बसने तीन तास लागतात. आमच्या पोस्टमास्तरीणबाई अमेरिकेतल्या भावाला याहून जास्त पत्रं लिहितात आणि तो तर सावत्र आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. डोंगरावरचं आपलं खोपट हिवाळ्याआधी एकदा नीट बघायला हवं. छपरावर अंथरलेली उत्तरेकडची माती घसरली आहे आणि तिच्याखालची बर्च झाडाची साल कुजली आहे. बाबांनी घातली होती ती तशीच आहे, तेव्हा तक्रार नाही. मला एकटीला होणार नाही असं नाही, पण शिडी धरायला कुणीतरी लागतं.

वीस तारखेच्या शुक्रवारी येशील का? शनिवार-रविवार वर राहू. गुद्रुनला आण असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर एकटाच ये. वहिनी असली की आपण दोघं तिच्याशीच बोलत बसतो.

मेंढीच्या फासळ्या खारवून वाळवल्या आहेत. तुला आवडतात तशा, भरपूर मीठ घालून.

तुझी
हाल्डिस

*

द्रामेन
९ सप्टेंबर १९७४

प्रिय हाल्डिस,

येतो. शुक्रवारी संध्याकाळच्या बसने.

छपराचं माझ्याच्याने किती होईल सांगत नाही. गिरणीत हल्ली कामाचा ताण आहे, थकायला होतं. मलाही तुझ्याशी एक बोलायचं आहे. पत्रात लिहिण्यासारखं नाही, वर गेल्यावर बोलू.

बोलावलंस, बरं वाटलं.

स्वेरे

*

वेग्ली
२४ सप्टेंबर १९७४

प्रिय स्वेरे,

दोन दिवस थांबून लिहिते आहे, म्हणजे राग उतरेल. उतरलेला नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

शुक्रवारी बसथांब्यापासून वर जायला आपल्याला अडीच तास लागले. तिथे मी पाठीवर पिठाचं पोतं घेऊन एका तासात जाते. तू दर वळणावर थांबून देखावा बघत होतास. धुक्यात कसला देखावा, ते मी विचारलं नाही. पाठपिशव्या दोन्ही मीच वाहिल्या. तू म्हणालास, “दे ना एक,” पण हात काही पुढे केला नाहीस.

फासळ्या तू तोंडालाही लावल्या नाहीस. बटाटे बशीच्या कडेला सारलेस. कॉफीचा एक घोट घेतलास आणि तोंड असं केलंस, की मी कपात गंज घोळून दिला असावा. मी विचारलं, “शहरात काय खातोस रे हल्ली?” तर म्हणालास, “साधंच.” साधंच, म्हणजे माझं जेवण तुला आता गावंढळ वाटतं, असंच ना?

शनिवारी तू तीन ओंडके फोडलेस आणि बाकावर आडवा झालास तो संध्याकाळपर्यंत. छपरावर मी एकटीच चढले. शिडी भिंतीला टेकवून, देवाच्या भरवशावर. तळ्यातली जाळीही मीच ओढली. सहा ट्राउट मासे मिळाले. त्यातला तू अर्धा खाल्लास, तोही मीठ न लावता.

आणि ज्याच्यासाठी आलास ते बोलणं काढलंच नाहीस. दोनदा तोंड उघडलंस, दोनदा मिटलंस. मी मूर्ख नाही, स्वेरे. तुला खोपट विकायचं आहे. शहरातले लोक हल्ली डोंगरातली असली घरं शोधत फिरतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून रविवारी मी ते बोलले, की बाबा आठ वर्षं अंथरुणाला होते तेव्हाही तू असाच येऊन बाकावर बसायचास आणि मी बर्गनची नोकरी सोडून त्यांची कूस बदलत होते. तू ऐकून घेतलंस, टोपी घातलीस आणि म्हणालास, “खरं आहे तुझं.” भांडला असतास तर बरं झालं असतं.

माझी सही मिळणार नाही. हे पत्र त्यासाठी.

हाल्डिस

*

द्रामेन
१ ऑक्टोबर १९७४

प्रिय हाल्डिस,

खोपट विकायचं माझ्या मनात कधी आलं नाही. ते तुझं आहे. माझी सही हवी असेल तर तुझ्या नावावर करून देतो.

पोट बरं नव्हतं, म्हणून जेवलो नाही. जेवणाला नावं ठेवली नाहीत. शनिवारी दुपारी तू छपरावरून खाली आलीस आणि बाबांची लोकरी घोंगडी माझ्या अंगावर घातलीस. तुला वाटलं मी झोपलो आहे. मी जागा होतो. माझ्यावर चिडलेली असताना घातलीस, म्हणून जास्त लक्षात राहिली.

ते दोन दिवस चांगले गेले. तुझा विश्वास बसणार नाही, पण चांगले गेले. आभारी आहे.

बोलायचं होतं ते आता राहू दे. विशेष काही नव्हतं.

स्वेरे

*

द्रामेन
६ ऑक्टोबर १९७४

प्रिय हाल्डिस,

हे पत्र मी स्वेरेला न सांगता लिहिते आहे. तुझं त्याला आलेलं पत्र वाचलं. त्याने दाखवलं नाही, मी कोटाच्या खिशातून काढलं. मला त्याची लाज वाटत नाही.

त्याच्या दोन्ही किडन्या जात आल्या आहेत. दीड वर्ष चाललं आहे हे. मीठ बंद, बटाटे बंद, पाणी मोजून. चार पायऱ्या चढला की धाप लागते. कॉफी त्याला लोखंडासारखी लागते, माझीही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. ओस्लोचे डॉक्टर म्हणतात, फार तर वसंतापर्यंत. मग यंत्राला जोडतील, आणि यंत्रं थोडी, रोगी फार. नाहीतर कुणा रक्ताच्या नातेवाइकाने एक किडनी द्यायची. भाऊ-बहीण असेल तर उत्तम, असं त्यांनी सांगितलं.

तो वर गेला होता तो हे विचारायला. महिनाभर मी त्याच्या मागे लागले होते. परत आला तेव्हा मी दारातच विचारलं, “काय म्हणाली?” तो म्हणाला, “तिने एकटीने छप्पर केलं गं. मी काय मागू तिच्याकडे?”

मी तुला दे म्हणत नाही. तो अधिकार मला नाही. पण तो तुझ्या जेवणाला नाक मुरडून आला असं तू समजत बसावंस, हे मला सहन झालं नाही.

गुद्रुन

*

वेग्ली
१० ऑक्टोबर १९७४

स्वेरे,

गुद्रुनने लिहिलं. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

मी तुला खारवलेलं मटण वाढत होते. वाढतच होते.

मंगळवारी इथल्या डॉक्टरांकडे गेले होते. रक्त घेतलं आणि बाटली ओस्लोला पाठवली. त्यांनी विचारलं, “भावाला माहीत आहे का?” मी म्हटलं, “त्याला कळलं असतं तर त्याने बाटली वाटेत अडवली असती.” मी चव्वेचाळीस वर्षांची, दात सगळे शाबूत, रोज सहा किलोमीटर चालते. माझ्याकडे दोन आहेत. तुला एक हवी आहे. यात बोलण्यासारखं इतकं काय होतं, की तू तोंड उघडून दोनदा मिटावंस?

कधी यायचं ते कळव.

हाल्डिस

*

द्रामेन
१७ ऑक्टोबर १९७४

प्रिय हाल्डिस,

नाही.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि तू जे करायला निघालीस त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन, पण उत्तर नाहीच आहे. बाबा पडले तेव्हा मी जहाजावर होतो. परत आलो तरी द्रामेनला राहिलो, वर्षातून दोनदा तोंड दाखवलं. तुझी बर्गनच्या शाळेतली नोकरी गेली, घर-संसार झाला असता तो गेला. रविवारी तू जे बोललीस ते मी स्वतःला रोज बोलत आलो आहे. ज्या माणसाने तुझी आठ वर्षं घेतली, त्याने वर आणखी तुझ्या पोटातला अवयव मागायचा?

यंत्र मिळेल. नाही मिळालं तर नाही. तू यात पडू नकोस.

स्वेरे

*

वेग्ली
२१ ऑक्टोबर १९७४

प्रिय स्वेरे,

हे पत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. रक्त द्यायला पाच मिनिटं लागली होती.

बाबा पडले ते नोव्हेंबरात. एकोणीसशे त्रेसष्टच्या नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात. बर्गनच्या शाळेला मी नकार कळवला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

पुन्हा वाच. मी आधी नकार कळवला आणि तीन महिन्यांनी बाबा आजारी पडले.

ऑगस्टमध्ये ते धडधाकट होते, गवत कापत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही एकटे पडाल, म्हणून मी जात नाही. ते म्हणाले, “जा गं तू, मला काय धाड भरली आहे?” मी ट्रंक भरली होती. सकाळी बसथांब्यापर्यंत गेले, बस आली, दार उघडलं, आणि माझे पाय उचलेनात. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट बघितली आणि दार लावून घेतलं. मी ट्रंक ओढत घरी आले. मला भीती वाटली, स्वेरे. नवीन गाव, नवी माणसं, वर्गात मागे बसून हसणारी मुलं. दुसरं काहीही कारण नव्हतं. बाबांनी त्यावर एक शब्द काढला नाही, मरेपर्यंत.

मग ते पडले आणि मला कारण मिळालं. तुझं जहाजावरून पत्र आलं, ‘माझ्यामुळे तू अडकलीस.’ मी उत्तर लिहिलं, ‘कुणीतरी घरी राहायलाच हवं.’ तारखा कुणी ताडून पाहिल्या नाहीत. गावाने मला चांगली मुलगी ठरवलं. तू मान खाली घालायला लागलास, आणि मला ते आवडत गेलं. मागच्या महिन्यात खोपटातही मी तेच हत्यार उपसलं, आजारी माणसावर.

बाबांचं केलं ते मनापासून केलं, त्याचं मला दुःख नाही. पण ती आठ वर्षं तू घेतली नव्हतीस. तेव्हा तुझं माझ्याकडे काहीही देणं नाही, आणि तुझ्या नकाराला आता पाया राहिलेला नाही.

हे वाचून मला तोंड दाखवू नये असं वाटलं तर मी समजू शकते. किडनी तरीही घे. तिचा यात काही दोष नाही.

हाल्डिस

*

द्रामेन
१ नोव्हेंबर १९७४

प्रिय हाल्डिस,

तुझं पत्र मी गुद्रुनला दाखवलेलं नाही. या वेळी खिशातही ठेवलं नाही.

दोन दिवस मी रागावलो होतो. खोटं कशाला सांगू? अकरा वर्षं एक ओझं वाहिलं आणि आता कळलं, की ते माझं नव्हतंच. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात बघितलं आणि हायसं वाटलं. मग तुझी ती ट्रंक डोळ्यांसमोर आली. ती तू एकटीने ओढत आणलीस आणि कुणाला सांगता आलं नाही तुला. मी जगभर बंदरं बघत होतो आणि माझी बहीण बसच्या उघड्या दारापुढे उभी होती. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. तू सांगितलंस, त्याबद्दल आभार. तुला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

विचारायचं तर नीट विचारावं.

हाल्डिस, मला तुझी एक किडनी देशील का?

स्वेरे

*

वेग्ली
४ नोव्हेंबर १९७४

देईन.

हाल्डिस

ता. क. ओस्लोहून कळलं, रक्त जुळतं आहे. डॉक्टर म्हणाले, इतकं जुळलेलं फार क्वचित दिसतं. मी त्यांना म्हटलं, स्वभावाकडे बघून कुणी म्हणणार नाही.

*

(ओस्लोचं हॉस्पिटल, मार्च १९७५. नर्सच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठ्या.)

६ मार्च
स्वेरे, मी चौथ्या मजल्यावर, तू दुसऱ्या. मला तुझ्याकडे येऊ देत नाहीत, जंतू आणेन म्हणतात. माझी एक फासळी काढली, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. हसलं की दुखतं, तेव्हा विनोद लिहू नकोस. चालू झाली का ती? हाल्डिस

६ मार्च, दुपार
चालू झाली. टेबलावरच चालू झाली म्हणे. रात्रीपासून चार लिटर. नर्सने बाटली उजेडात धरून दाखवली, जणू पदक मिळालं आहे. फार दुखतं आहे का तुला? स्वेरे

७ मार्च
दुखतं. चार लिटर ऐकून कमी झालं. हाल्डिस

९ मार्च
आज कॉफी दिली. अर्धा कप. हाल्डिस, ती कॉफीसारखी लागली. मी रडलो, नर्सला वाटलं टाके दुखतात. स्वेरे

*

वेग्ली
२० जून १९७५

प्रिय स्वेरे,

‘सगळं ठीक, हवा छान,’ असं तू मे महिन्यात तीन पत्रांतून लिहिलंस. गुद्रुन आता सांगते, की तू त्यातले सोळा दिवस हॉस्पिटलात होतास, ताप एकशे तीन, आणि शरीर किडनी झिडकारायला लागलं होतं. गोळ्या दुप्पट केल्या, चेहरा सुजून भोपळा झाला आणि मग कुठे ती थाऱ्यावर आली.

का लपवलंस, ते तुझ्या तोंडून ऐकायची गरज नाही. मला वाटेल, माझं देणं वाया गेलं. बरोबर? मग ऐक. ती किडनी आठ दिवस चालली असती तरी मी दिली असती. मी ती तुला दिली आहे, सांभाळायला ठेवलेली नाही. तिचा हिशेब तू मला द्यायचा नाहीस. पण तू आजारी असलास तर मला कळवायचं, कारण मी बहीण आहे.

बोलून टाकलं. आता ऑगस्टात वर येशील का? डॉक्टरांना विचार. नऊ-दहा तारीख. तळ्यामागच्या दलदलीत यंदा पिवळ्या बेरी खूप येतील असं दिसतं. या खेपेला मी मीठ खाली ठेवून येईन.

हाल्डिस

*

द्रामेन
१४ ऑगस्ट १९७५

प्रिय हाल्डिस,

वर दोन दिवसांत आपण पुष्कळ बोललो, तरी एक राहिलंच. ते लिहितो.

मी आभाराचं भाषण तयार करून आलो होतो. कागदावर, दोन पानं. गिरणीत कुणी निवृत्त होतो तेव्हा मीच भाषण करतो, मला जमतं असं लोक म्हणतात. शनिवारी दुपारी तू दारात बसून बेरी निवडत होतीस, तेव्हा कागद काढला. तू वर न बघता म्हणालीस, “ते काही वाचायचं असेल तर आधी ती बादली इकडे दे.” मी बादली दिली आणि तुझ्याबरोबर निवडायला बसलो. तासाभराने लक्षात आलं, की मी दोन हातांनी काम करतो आहे, धाप लागलेली नाही, भूक लागली आहे आणि समोर माझी बहीण आहे. त्या दोन पानांत याहून मोठं काही नव्हतं. संध्याकाळी ती चुलीत घातली.

मग होडीत तू ते सांगितलंस. की वर उत्तरेला, लोफोतेनमध्ये, स्वोल्वेरच्या शाळेत एक वर्षासाठी बाई हव्या आहेत, तू मे महिन्यात अर्ज केला होतास, आणि वीस तारखेला हजर व्हायचं आहे. मी वल्ही सोडली. तुला वाटलं, मला राग आला, लपवलंस म्हणून. लपवण्याबद्दल तुला बोलायला मला तोंड कुठे आहे? मी हबकलो होतो. आत्ता कुठे मला बहीण मिळाली आणि ती हजार किलोमीटर लांब निघाली, हे पहिलं मनात आलं. मी जे म्हणालो ते मात्र भलतंच. “तिथे वारा फार असतो.”

तू म्हणालीस, “मला भीती वाटते आहे, स्वेरे. त्या वेळेइतकीच.” मी म्हटलं, “मग?” तू म्हणालीस, “मग काही नाही. पोटावर एवढा मोठा व्रण घेऊन बसच्या दाराला काय भ्यायचं?” आणि जाळी ओढायला लागलीस.

तू जातेस याचा मला आनंद आहे. पहिल्या क्षणी नव्हता, खाली उतरेपर्यंत झाला. खोपटाची काळजी करू नकोस. मी आणि गुद्रुन दर महिन्याला वर जाऊ. सोमवारी मी थांब्यावर येतो आहे. तुला बसमध्ये ढकलायला नाही. हात हलवायला कुणीतरी असावं म्हणून.

तुझा
स्वेरे

*

स्वोल्वेर, लोफोतेन
२८ सप्टेंबर १९७५

प्रिय स्वेरे,

वारा फार असतो. तेवढं तुझं खरं निघालं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मुलं माझ्या नुमेदालच्या दरीतल्या बोलण्याला हसतात, अगदी मला वाटलं होतं तशीच, मागच्या बाकावरून. एका दिवशी घंटा होईपर्यंत मी नकाशांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मग वर्गात परत गेले आणि त्यांना म्हटलं, तुमच्या बोलण्यातले दहा शब्द मला शिकवा, मग मी माझे दहा शिकवते. आता ते मला शिकवतात आणि माझ्या उच्चारांना हसतात. पण ते हसणं वेगळं आहे. मीही हसते. फासळीच्या जागी आता दुखत नाही.

इथे बंदरात वाळत टाकलेल्या माशाचा वास सगळ्या गावाला येतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि मलाही आता वाटेनासं झालं आहे. रविवारी मी एका टेकडीवर चढले. वरून समुद्र दिसतो, तिन्ही बाजूंनी. पंचेचाळीस वर्षांत मी असं काही बघितलं नव्हतं, आणि मला तुझे आभार मानायचे आहेत ते त्याबद्दल. हसू नकोस. तू नाही म्हणालास, म्हणून मला खरं सांगावं लागलं. आणि खरं सांगितल्यावर वेग्लीत लपून बसायला काही कारणच उरलं नाही.

मी ज्यांच्याकडे खोली घेतली आहे त्या बाई विधवा आहेत, फार चौकस. काल जेवताना त्यांनी विचारलं, “तुमचं कुणी आहे का?” मागच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आहे एक भाऊ, द्रामेनला. काल मी म्हटलं, “भाऊ आहे.”

“जवळचा?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो. जवळचा.”

तुझी
हाल्डिस